‘पालकांच्या मार्गदर्शनाखाली’ म्हणजे नेमकं काय करायचं?

वेब सिरीज सुरू झाली की पडद्याच्या कोपऱ्यात काही सेकंद एक खूण दिसते. यू/ए १३+ किंवा यू/ए १६+. शेजारी दोन-तीन शब्द असतात: हिंसा, शिवीगाळ, आत्महत्या, लैंगिक अत्याचार. नीट वाचून होईपर्यंत ती नाहीशी होते आणि गोष्ट सुरू होते.

ही वर्गवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी आखून दिली. यू म्हणजे सगळ्यांसाठी, मग यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि शेवटी ए, म्हणजे फक्त प्रौढांसाठी. १३+ आणि त्यापुढच्या मजकुराला पॅरेंटल लॉकची, म्हणजे पालकांनी तो कुलूपबंद ठेवण्याची, सोय असावी, असंही त्यात म्हटलंय. सिनेमाच्या प्रमाणपत्रांतही २०२३ च्या कायदा-दुरुस्तीनं याच वयांच्या पायऱ्या आल्या. यातली एक गोष्ट बहुतेक पालकांच्या नजरेतून सुटते. यू/ए १६+ म्हणजे सोळाच्या आतल्यांना मनाई, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ, सोळाच्या आतल्यांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघावं, असा आहे. तुमचा नववीतला मुलगा अशी सिरीज बघत असेल, तर शेजारी कुणीतरी मोठं माणूस बसलंय, असं नियमानं गृहीत धरलंय.

पण शेजारी कुणी नसतं.

मी मध्य मुंबईतल्या काही शाळांत समुपदेशक म्हणून काम करते. पालकसभा संपली की दोन-तीन आया मागे रेंगाळतात आणि हळू आवाजात विचारतात, ‘मॅडम, सगळी मुलं ती अमुक सिरीज बघतायत. बघू द्यायची की नाही?’ प्रश्न प्रामाणिक असतो. पण बऱ्याचदा तो उशिरा आलेला असतो, कारण मुलानं ती बघून संपवलेली असते. म्हणून मी त्यांना आधी दुसरं विचारते. बघितल्यावर तो कुणाशी बोलला?

मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं चाळीत एखाद्याच खोलीत टीव्ही असायचा आणि दारापर्यंत माणसं बसायची. पडद्यावर काही भलतंसलतं आलं की कुणी खाकरायचं, कुणी ‘काय हे मेलं’ म्हणायचं. त्या खाकरण्यातूनही मुलांना काहीतरी कळायचं. आता त्याच वन रूम किचनमध्ये पाच माणसं आणि चार पडदे आहेत. मुलाला स्वतःची खोली नाही, म्हणून इअरफोन हाच त्याच्या खोलीचा दरवाजा. आई दोन फुटांवर भाजी निवडत असते आणि मुलगी एका बलात्काराच्या खटल्याची गोष्ट एकटीनं बघत असते. दोघींपैकी कुणाचीच यात चूक नाही.

पाऊस आणि भरती

पालकांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी बाब अशी की, तीच सिरीज बघून एक मुलगा जेवतो-झोपतो आणि दुसरा आठवडाभर गप्प होतो. असं का? हे समजवायला मला मुंबईइतकं चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

नुसता जोराचा पाऊस पडला, तर हिंदमाता किंवा मिलन सबवेमधलं पाणी काही वेळानं ओसरतं. पण त्याच वेळी साडेचार मीटरची भरती असेल, तर समुद्र नाल्यांच्या तोंडाशी चढलेला असतो आणि पावसाच्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. पाऊस तेवढाच, पण पाणी तुंबतं. म्हणूनच जून उजाडला की वर्तमानपत्रं पावसाच्या अंदाजाबरोबर भरतीचं वेळापत्रकही छापतात.

अस्वस्थ करणारा प्रसंग म्हणजे पाऊस. मुलाच्या आयुष्यात त्या दिवसांत जे चाललंय, ती भरती. वर्गात कुणी त्याला वाळीत टाकलंय, घरात आई-बाबांचं रोज वाजतंय, आजोबा नुकतेच गेलेत, सहामाहीचे गुण घरी सांगितलेले नाहीत. अशा मुलावर तोच सीन पडला की तो आत साचून राहतो. त्यातही पडद्यावरचं पात्र त्याच्याच वयाचं असेल आणि त्याचं दुखणंही तसंच असेल, तर मूल त्या पात्राच्या जागी स्वतःला बसवतं. त्यामुळे सिरीजची माहिती काढण्याआधी आपल्या मुलाची भरती-ओहोटी माहीत असणं जास्त गरजेचं आहे.

भर म्हणून, मेंदूही अजून घडत असतो. भावना उसळवणारे भाग किशोरवयात जोरात असतात. थांबून विचार करायला लावणारा, कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. ‘अरे, हे खोटं आहे, नाटक आहे’ हे चौदा वर्षांच्या मुलाला माहीत असतं. माहीत असूनही छाती धडधडायची थांबत नाही.

गोष्ट कशी सांगितली, यावर बरंच ठरतं

एखाद्या कथेतला मृत्यू वाचून किंवा बघून कुणी त्याचं अनुकरण करतं का, ही चर्चा अडीचशे वर्षं जुनी आहे. १७७४ मध्ये जर्मन लेखक गटेची वेर्थरच्या दुःखांची कादंबरी आली. तिचा नायक प्रेमभंगानंतर स्वतःचं आयुष्य संपवतो. ती वाचून काही तरुणांनी तसंच केल्याचं बोललं गेलं आणि लाइपझिगसारख्या शहरात तिच्यावर बंदीही आली. दोनशे वर्षांनी, १९७४ मध्ये, अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी वर्तमानपत्रांतल्या आत्महत्येच्या ठळक बातम्या आणि त्यानंतर वाढणारे मृत्यू यांचा संबंध मांडला आणि त्याला ‘वेर्थर परिणाम’ असं नाव दिलं.

आपल्या काळातलं मोठं उदाहरण ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ या मालिकेचं. ३१ मार्च २०१७ ला तिचे तेराही भाग एकाच दिवशी नेटफ्लिक्सवर आले. एका शाळकरी मुलीचा मृत्यू आणि तिनं मागे ठेवलेल्या कॅसेट, अशी ती गोष्ट. २०१९ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मालिका आल्यानंतरच्या एप्रिलमध्ये १० ते १७ वयोगटातल्या आत्महत्यांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा २८.९ टक्क्यांनी जास्त होतं, असं त्यात आढळलं. नंतर दुसऱ्या संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली आणि ही वाढ मालिकेमुळेच झाली असं म्हणता येत नाही, असं दाखवलं. हा वाद पालकांनी पूर्ण ऐकावा असं मला वाटतं. अर्धाच ऐकला की घबराट तरी होते, नाहीतर ‘काही होत नाही हो’ असा निष्काळजीपणा तरी येतो. एवढं मात्र घडलं की, जुलै २०१९ मध्ये नेटफ्लिक्सनं त्यातला मृत्यूचा तपशीलवार प्रसंग कापून टाकला.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती सांगायची राहून जाते. मोझार्टच्या १७९१ च्या ‘मॅजिक फ्लूट’ या संगीत नाटकात पापागेनो नावाचं एक पात्र आहे. प्रेम हरवलं असं वाटून तो जीव द्यायला निघतो. तेवढ्यात तीन लहान मुलं येतात आणि त्याला आठवण करून देतात की, तुझ्याजवळच्या घंटा वाजव, अजून मार्ग आहे. २०१० मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांना असं दिसलं की, संकटात सापडलेल्या माणसानं त्यातून वाट काढल्याची हकिगत छापून आली, तर तिचा परिणाम चांगला होऊ शकतो. त्याला त्यांनी पापागेनोचं नाव दिलं. म्हणजे विषय जड आहे म्हणून गोष्ट वाईट, असं समीकरण नाही. कशानं, कसं केलं याचा तपशील दाखवलाय का? मरण हे सूड उगवण्याचं साधन म्हणून रंगवलंय का? मदत मागणाऱ्याला प्रत्येक मोठ्या माणसानं झिडकारलंय, की एखाद्यानं तरी हात धरलाय? सिरीज तपासताना मी हे तीन प्रश्न विचारते. शिव्या किती आहेत, हे माझ्या यादीत बरंच खाली येतं.

शेजारी बसून गप्प राहणं

‘आम्ही तर सगळं एकत्रच बघतो’ असं सांगणाऱ्या घरांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. टीव्हीवरची हिंसा आणि मुलं यांवरच्या अभ्यासांतून असं पुढे आलंय की, पालक शेजारी बसून काहीच बोलले नाहीत तर मूल त्या गप्प राहण्याला संमती समजू शकतं. बोलले, एखादं वाक्य जरी बोलले, तरी फरक पडतो.

आणि इथे मला वेब सिरीजपेक्षा रोज संध्याकाळच्या मालिकांची जास्त काळजी वाटते. आजीची मालिका लागते, सगळे जेवायला बसतात, समोर सुनेच्या कानाखाली वाजवली जाते. नायक मुलीच्या मागे मागे फिरतो, तिच्या कॉलेजबाहेर उभा राहतो, ती दहा वेळा नाही म्हणते आणि अकराव्यांदा प्रेमात पडते. कुणी मान वर करत नाही, ‘आमटी वाढ’ एवढंच ऐकू येतं. असा पाठलाग २०१३ पासून आपल्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे. पंधरा वर्षांच्या मुलानं वर्षभर हे बघितलं आणि घरातल्या एकानंही भुवई उंचावली नाही, तर त्याला कुणी काय शिकवलं? व्याख्यान द्यायची गरज नाही. घास गिळता गिळता बाबांनी ‘ती नाही म्हणतेय ना, मग निघ की तिथून’ एवढं पडद्याकडे बघून म्हटलं, तरी मुलाच्या कानावर पडतं. हे बाबांनी म्हणावं असं मी मुद्दाम सुचवते. आई म्हणाली की ‘आईला काय, सगळंच वाईट वाटतं’ असं होतं.

आजीलाही यात घ्या. ‘आजी, तुझ्या वेळी असं कुणाच्या घरी झालं होतं का गं?’ हा नातीचा प्रश्न मी एका घरात ऐकला. त्यानंतर आजी जे बोलली, ते तिच्या सुनेनंही कधी ऐकलेलं नव्हतं.

बोलायचं कसं

समोरासमोर बसवून ‘बस इथे, मला तुझ्याशी बोलायचंय’ म्हटलं की किशोरवयीन मूल शिंपल्यासारखं मिटतं. मोठ्यांशी ही मुलं आडवळणानं बोलतात. गवारीच्या शेंगा मोडताना, स्कूटरवर मागे बसून, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर दोघांची तोंडं मैदानाकडे असताना. डोळ्याला डोळा भिडत नाही तेव्हा शब्द सुटतात.

विचारायचं पात्राबद्दल. ‘तुला असं काही होतं का?’ हा प्रश्न पहिला नको. ‘त्या मुलीनं मैत्रिणीला का नसेल सांगितलं?’, ‘तू त्या वर्गात असतास तर तुला कळलं असतं का?’, ‘त्याच्या बाबांचं कुठे चुकलं?’ शेवटच्या प्रश्नाला मुलं भरभरून उत्तर देतात. ती उत्तरं नीट ऐका, त्यात थोडे तुम्ही असता.

आणि आपल्याला कळत नाही, हे मोकळेपणानं म्हणा. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ‘अ‍ॅडोलेसन्स’ या ब्रिटिश मालिकेत तेरा वर्षांच्या मुलाला वर्गातल्या मुलीच्या खुनाच्या आरोपावरून पकडतात. चारच भाग, आणि प्रत्येक भाग कॅमेरा न थांबवता सलग चित्रित केलेला. तिच्या दुसऱ्या भागात तपास करणारा पोलीस अधिकारी इन्स्टाग्रामवरच्या इमोजी बघतो आणि त्याला त्या दोघांची मैत्री वाटते. त्याचाच मुलगा त्याला बाजूला घेऊन सांगतो की, ती मैत्री नाही, टिंगल आहे. कुठल्या रंगाच्या बदामाचा काय अर्थ, हे तो बापाला समजावतो. ब्रिटनमध्ये ही मालिका माध्यमिक शाळांना मोफत दाखवता येईल अशी सोय केली गेली, पंतप्रधानांनीही तिला पाठिंबा दिला. मला त्या सगळ्यापेक्षा तो बाप-लेकाचा प्रसंग मोलाचा वाटतो. ‘बाळा, हे मला समजावून सांग’ असं म्हटल्यावर जे मूल एरवी गुगलवर शोधत बसलं असतं, ते तुमच्याशी बोलायला लागतं.

लॉकबद्दल थोडक्यात. लहान भावंडांच्या प्रोफाईलला पिन जरूर लावा, त्यात अपराधी वाटायचं कारण नाही. तेराच्या पुढे मात्र कारण न देता घातलेली बंदी फार टिकत नाही. धोक्याची सूचना लावली की त्या कार्यक्रमाचं आकर्षण वाढतं, हे नव्वदच्या दशकातल्या प्रयोगांतही दिसलंय. घरी बंद केलं की ट्यूशनला जाताना मित्राच्या फोनवर बघितलं जातं आणि मग त्याबद्दल विचारायची सोयही राहत नाही. नाही म्हणायचंच असेल तर कारणासकट म्हणा: ‘आजोबांना जाऊन महिना झालाय, आत्ता नको. दिवाळीच्या सुट्टीत आपण दोघं बघू.’ आणि पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सेटिंग आजच बंद करा. दर आठवड्याला एक भाग यायचा तेव्हा मधले सहा दिवस तो पचायला मिळायचे. आता एका रात्रीत सगळं संपतं आणि सकाळी सातला शाळा असते.

सीन सुरू झाला आणि मूल उठून गेलं तर

लैंगिक अत्याचाराचा प्रसंग लागला आणि मुलगी काही न बोलता उठली, किंवा मुलगा अचानक चिडला, तर ‘एवढं काय त्यात’ म्हणू नका. लगेच मागे जाऊन उलटतपासणीही करू नका. थोड्या वेळानं पाण्याचा ग्लास घेऊन जा आणि एवढंच म्हणा, ‘मलाही बघवलं नाही.’ बहुतेक वेळा त्यापलीकडे काही नसतं. क्वचित असतं. मूल स्वतःबद्दल काही सांगू लागलं, तर सगळ्यात आधी ‘बरं झालं सांगितलंस, यात तुझी काही चूक नाही’ म्हणा. ‘आधी का नाही सांगितलंस?’ हे वाक्य गिळून टाका. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

मृत्यूच्या विषयावर तर पालकांची जीभ अडखळतेच. ‘विचारलं आणि तिच्या डोक्यात नसलेलं घातलं तर?’ ही भीती मी प्रत्येक सभेत ऐकते. संशोधन याबाबत दिलासा देतं: थेट, शांतपणे विचारल्यानं असे विचार वाढल्याचं दिसत नाही. म्हणून मूल तोच एक सीन परत परत बघत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, ‘मी नसलो तर तुम्हाला बरंच होईल’ असं हसत हसत का होईना म्हणत असेल, तर आडवळण सोडा. ‘तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?’ असं सरळ विचारा. उत्तर हो आलं तर रडू नका, रागावू नका, शपथा घालू नका. त्याला एकटं सोडू नका. घरातली धोक्याची औषधं आणि वस्तू हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. १४४१६ वर फोन करा. ही टेली मानस नावाची सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास आणि मोफत, मराठीतूनही बोलता येतं. केईएम, नायर आणि सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केसपेपर काढून तिथे जाता येतं, ओळखीची गरज पडत नाही. ‘लोक काय म्हणतील’ या विचारात एक दिवसही घालवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

राहिला तो पहिला प्रश्न. मुलानं आपल्याला न सांगता सगळं बघून टाकलंय, आता काय? डोंबिवलीच्या एका आईनं यावर जे केलं ते मला फार आवडलं. मुलगा चौदाचा. त्यानं ती चार भागांची मालिका एकट्यानं बघितल्याचं तिला त्याच्या धाकट्या बहिणीकडून कळलं. ती त्याला काही बोलली नाही. रात्री तिनं भाग फोनवर डाउनलोड केले आणि दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला जाता-येता लेडीज डब्यात बघायला लागली. डोंबिवली ते सीएसएमटी एक भाग जवळजवळ संपतो. पहिल्या भागानंतर तिनं मुलाला मेसेज केला, ‘पहिला बघितला. त्याचे बाबा तुझ्या बाबांसारखेच आहेत रे.’ उत्तर आलं नाही. दुसऱ्यानंतर, ‘ते इमोजीचं मला काही कळलं नाही.’ यावर मोठं उत्तर आलं, दोन व्हॉइस मेसेज. तिसरा भाग संपला तेव्हा गाडी ठाण्यात होती आणि तिला रडू येत होतं. तिनं फक्त ‘तिसरा झाला’ एवढंच लिहिलं.

मुलानं लगेच लिहिलं, ‘आई, चौथा ट्रेनमध्ये नको बघूस. घरी ये, आपण दोघं बघू.’